सोडल्यावर काय होतं ते सांग

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मध्यरात्री आलेला तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढं सगळं फोनवर टाइप करणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर केमिस्टकडे जा, तो वाचेल.

तर लोखंडवालाच्या क्लिनिकमध्ये नोकरी, पगार हॉस्पिटलपेक्षा कितीतरी जास्त, आणि अट एवढीच की गोरेपणासाठी शिरेतून द्यायच्या ग्लुटाथायोन ड्रिपची पॅकेजेस दर महिन्याला ठरल्याप्रमाणे गेली पाहिजेत. त्यावर तुझा प्रश्न: "मॅडम, ते काही विष नाही ना?"

हा प्रश्न मी तुला शिकवलेला नाही. मी शिकवलेला प्रश्न दुसरा आहे आणि तो तुला पाठ आहे. पेशंट म्हणते, लावल्यावर चेहरा उजळला. बरं. लावायचं सोडल्यावर काय झालं? त्याचं उत्तर आल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही.

स्टेरॉइडने बिघडलेले चेहरे तू माझ्यासोबत ढिगाने पाहिलेस. लाल, चुरचुरणारे, पुळ्या आणि बारीक केस आलेले. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एका ट्यूबमध्ये असलेलं मलम, वांगावर काही आठवडेच आणि तेही डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायचं. बायका ते शेजारणीच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षं लावतात, कारण लावतात तोवर चेहरा नितळ असतो. सोडलं की भडका उडतो, आणि तो शमवायला पुन्हा तेच मलम. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दादर स्टेशनबाहेर मागून बघ मिळतात का.

पूर्वीच्या बायका गोरं दिसायला तोंडाला शिसं थापायच्या कारण त्यांना कळत नव्हतं, आता सगळं ‘टेस्टेड’ असतं, असं तू लिहिलं आहेस. मला या वाक्याचा राग आला, खरं सांगते. शिशाचा सफेदा त्वचा खराब करतो हे लावणारीला आरशात दिसत होतंच. डाग पडायचे, ते झाकायला आणखी जाड थर. सोडणार कशी? सोडलं तर खालचा चेहरा लोकांना दिसणार. अठराव्या शतकातली लंडनची नावाजलेली सुंदरी मारिया गनिंग १७६० साली ऐन तारुण्यात गेली, आणि ती याच सफेद्याने गेली असं मानतात. जपानमध्ये १८८७ साली खुद्द सम्राटासमोर काबुकीचा प्रयोग चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरायला लागला. चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या रंगातलं शिसं अंगात भिनलं होतं. बोभाटा झाला, तरी शिशाच्या पावडरीवर पुरती बंदी यायला १९३० चं दशक उजाडलं. मधल्या काळात, १९२३ साली, क्योतोचे बालरोगतज्ज्ञ हिराई यांनी दाखवून दिलं की तान्ह्या मुलांना मेंदूज्वर म्हणून जे होतंय ते आयांच्या अंगावरच्या पावडरीतलं शिसं आहे. तुझ्याच भाषेत बोलायचं तर तीही पावडर बोभाट्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं ‘मार्केटमध्ये अव्हेलेबल’ होती.

चीनमध्ये पावलं इवलीशी राहावीत म्हणून मुलींचे पाय पट्टीने आवळून बांधायचे, ते उदाहरण मी दर बॅचला देते, तुलाही दिलं असेल. सम्राज्ञी त्सशीने १९०२ मध्ये त्याविरुद्ध फर्मान काढलं, १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने बंदी घातली. लोकांना वाटतं, पट्टी सुटली म्हणजे बाई सुटली. हाडं लहानपणीच मोडून वळलेली. पट्टी काढल्यावर त्या पावलांवर उभं राहायचं म्हणजे नव्याने वेदना. कित्येकींनी पट्टी पुन्हा बांधली. बांधल्यावर काय झालं हे सगळे सांगतात गं. मला सोडल्यावरचं सांग!

कधी उत्तर उशिरा येतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ब्यूटी पार्लरमध्ये ‘ट्रायको’ नावाचं यंत्र होतं, ओठावरची लव काढायला चक्क क्ष-किरण. दुखायचं नाही, लव जायची. यंत्र बंद झालं आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी त्याच बायकांच्या चेहऱ्यावर कॅन्सर उगवले.

आणि उलटही असतं, तेही लक्षात ठेव. टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या कॅन्सरबद्दल लिहिलं. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी काचणारी गाठ, तिथे आधी काळा वळ, मग न भरणारी जखम. पुढे परकराच्या नाडीने आणि लुगड्याच्या घट्ट गाठीने तेच होतं हेही नोंदवलं गेलं. पण वळ असतानाच नाडी सैल केली, जागा बदलली, की बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडतो, तिथेही पहिला उपाय टिकली बंद. साडीला आणि टिकलीला मी कधी शिव्या दिल्या नाहीत, कारण त्या सोडणारीला धरून ठेवत नाहीत. (नाडी सैल करा म्हटलं की म्हाताऱ्या माझ्याकडे असं बघतात, जणू मी लुगडंच फेडायला सांगतेय. तो भाग वेगळा.)

आता तुझी ड्रिप. गोरेपणासाठी तिला आपल्याकडे मान्यता नाही, हे तुलाही माहीत आहे. समजा कुणाला काहीच त्रास झाला नाही. सोडल्यावर काय? त्वचा आपलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, पुन्हा बनवणार, रंग परत येणार. म्हणून तर त्यांच्या पॅकेजमध्ये शेवटी ‘मेंटेनन्स’ असतं. सोडता येऊ नये हाच त्यांचा धंदा आहे, आणि तो तुझ्या डिग्रीच्या नावावर चालणार आहे.

"पेशंट स्वतः मागतात" हे मला ऐकवू नकोस. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एका घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्या, पार्लरमधून आणलेल्या क्रीमची तपासणी आपल्या परळच्या केईएममध्ये झाली आणि त्यात पारा निघाला, हजारांच्या पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत हजारो भाग. नियमात मर्यादा एक पीपीएमची आहे. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतो, म्हणून खरंच उजळतं. त्यांनीही स्वतःच मागितलं होतं. मागणाऱ्याला ‘सोडल्यावर’चं दिसत नसतं, ते दिसावं म्हणून तर आपण एमडी झालो.

तुला वाटत असेल, म्हातारीचं ऐकलं तर आयुष्यभर दादरच्या एका खोलीत बसावं लागेल. बसावं लागेलही. ज्याच्याबरोबर मी दवाखाना काढला त्याने नंतर तीन ठिकाणी क्लिनिकं उघडली. मुलाच्या शिक्षणाला मला कर्ज काढावं लागलं, त्याला नाही. याची मला खंत आहे. हो, पैशाचीच. समाधान वगैरे सगळं सभेत बोलायला ठीक असतं. जूनमध्ये फी भरताना ते कामाला येत नाही. तरी उद्या कुणी तेच पॅकेज पुढ्यात ठेवलं तर मी तोच प्रश्न विचारीन. याला माझा मुलगा हेका म्हणतो. म्हणू दे. माझ्या पेशंटना मी सोडता येतील अशीच औषधं दिली, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मला सोडून गेल्या!

डोंबिवलीच्या फ्लॅटचा हप्ता तुला आहे, वडिलांचं डायलिसिस आहे, हे मी विसरलेले नाही. म्हणून नुसतं नाही म्हण असं सांगत नाही. त्या क्लिनिकमध्ये चांगली लेझर मशीन्स आहेत. मुरमांचे खड्डे, भाजल्याचे व्रण, यात शिकण्यासारखं खूप आहे आणि तुझा हात चांगला आहे. त्यांना सरळ सांग की बाकी सगळं करीन, ड्रिप लावणार नाही. पगार कमी करतील. किती कमी करतात ते आकड्यात लिहून घे, मग हप्त्याचा हिशोब मांडू.

आणि करारात पहिल्यांदा शेवटचं पान वाच. नोटीस किती महिन्यांची, ट्रेनिंगचा खर्च म्हणून किती परत मागणार, सोडल्यावर किती किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही. रविवारी करार घेऊन ये. मेगाब्लॉक बघून निघ, नाहीतर ठाण्यापासून बस आहे. जेवण साधंच असेल, बाई सुट्टीवर आहे.

तुझी,
मॅडम