विचारा की! : अंगठा, ओटीपी आणि गावचं सेवा केंद्र

प्रश्न : गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरपंचांच्याच नंबरवरून 'पीएम किसान ई-केवायसी' अशी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकायची फाइल) आली. चुलत्यांनी इन्स्टॉल केली, काही उघडलं नाही म्हणून सोडून दिलं, आणि रात्रीतून खातं साफ. ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता हो, मग पैसे गेले कसे? (एक वाचक, जि. जालना)

उत्तर : दादा, अजून तक्रार केली नसेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवता आले तर तिथूनच येतात. मग बँकेला कळवा, तक्रार नंबर आणि वेळ लिहून घ्या, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका. ग्रुपमधल्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, डिलीट करू नका.

ओटीपी सांगायची गरजच पडत नाही. असलं अॅप इन्स्टॉल होताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण सवयीने 'अलाऊ' दाबतो आणि त्यानंतर बँकेचा प्रत्येक मेसेज परस्पर चोराकडे जातो. सरपंचांना शिव्या घालून उपयोग नाही, बहुतेक त्यांच्या फोनमध्येही हेच घुसलंय आणि तिथून ते सगळ्या ग्रुपांवर गेलंय. चुलत्यांच्या फोनचं नेट बंद करा, सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका, यूपीआय पिन आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. अॅपचा आयकॉन गायब असतो, सेटिंगमधल्या अॅप्सच्या यादीत शोधा, नाहीच सापडलं तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि फोन रिसेट मारा.

बँक म्हणणार की तुम्हीच इन्स्टॉल केलं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम असा आहे की चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर नुकसान येत नाही. चूक तुमची धरली तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी, म्हणून तर ती वेळ लिहून घ्या म्हटलं. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि हो, पीएम किसानची केवायसी पोर्टलवर ओटीपीने, सरकारी अॅपवर चेहरा दाखवून किंवा केंद्रात अंगठ्याने होते. ग्रुपवर आलेल्या फाइलने होत नाही.

प्रश्न : मी गावात सेवा केंद्र चालवतो. लोक आधार, पासबुक सगळं माझ्या व्हॉट्सअॅपवर टाकतात, पासवर्ड पण 'तूच ठेव' म्हणतात. उद्या काही झालं तर नाव माझंच येणार. काय करू? (केंद्रचालक, जि. सोलापूर)

उत्तर : हा प्रश्न तुम्ही विचारलात हेच मला फार आवडलं, कारण सायबर सुरक्षेची भाषणं सगळी शेतकऱ्याला देतात आणि गावातले निम्मे ओटीपी ज्याच्या टेबलावर वाचून दाखवले जातात त्याला कुणी काही शिकवत नाही. गावचं डिजिटल सरकार म्हणजे खरं तर तुमचा कंप्युटर. तो ढिला असेल तर वर मंत्रालयात कितीही भारी सर्व्हर बसवा.

सगळ्यात आधी फॉर्ममध्ये स्वतःचा मोबाइल नंबर टाकणं बंद करा. माहितीये, म्हाताऱ्या माणसाकडे फोन नसतो, सर्व्हर मधेच झोपतो, मागे लाइन लागलेली असते, म्हणून सगळे हेच करतात. पण मग अर्ज मंजूर झाला की अडकला हे त्या माणसाला कधीच कळत नाही आणि त्याच्या लॉगिनची चावी तुमच्याकडे राहते. घरातल्या पोराचा, सुनेचा नंबर घ्या. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका, कागदावर लिहून ज्याचा त्याला द्या. प्रिंट झाली की व्हॉट्सअॅपवरची फाइल आणि डाउनलोड फोल्डरमधली कॉपी दोन्ही उडवा, रोज केंद्र बंद करताना तेवढं एक काम. शक्य तिथे मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फुकटचं क्रॅक केलेलं विंडोज असेल तर तेही काढा राव, सगळ्या गावाचे कागद त्यावर आहेत.

दरफलक लावा, प्रत्येक कामाची पावती द्या. कोण कधी आलं, काय काम केलं याचा तोच तुमचा पुरावा.

प्रश्न : आजी निराधार योजनेचे पैसे अंगठा लावून काढते. एकदा 'अंगठा लागला नाही' म्हणून परत लावायला सांगितलं, नंतर पासबुकात दोनदा पैसे निघालेले दिसले. (वाचक भगिनी, जि. नंदुरबार)

उत्तर : ताई, बँकेत लेखी तक्रार द्या, दोन्ही नोंदींची तारीख आणि रक्कम लिहून. कधी कधी व्यवहार फसूनही पैसे कापले जातात आणि नंतर परत येतात, पण आपण वाट बघत बसायचं नाही. यापुढे अंगठा 'लागला नाही' म्हणाले तरी तशी स्लिप मागायची, ती हातात आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवायचं नाही. स्क्रीनवरची रक्कम घरातल्या कुणीतरी वाचावी.

आजीच्या आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आधारच्या सरकारी अॅपवरून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे, लॉक करता येतं. फक्त लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही, मशीनवर ३३० नंबरचा एरर येतो. तेव्हा जाताना तात्पुरतं अनलॉक करायचं. हे दरवेळी करणारं घरात कुणी नसेल तर उगाच लॉकच्या भानगडीत पडू नका, रेशन अडकेल. त्यापेक्षा आधारवरून पैसे काढणं बंद करता येतं का ते बँकेत विचारा आणि बँकेची पैसे काढायची स्लिप भरून काढा.

प्रश्न : सातबाऱ्याला केंद्रात शंभर रुपये घेतात. बरोबर आहे का? (जि. सांगली)

उत्तर : डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो, वर केंद्राचा खर्च धरला तरी शंभर जास्तच. फुकट दिसतो तो नुसता बघायला, कचेरीत चालत नाही. बाकी दाखले मुदतीत मिळत नसतील तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, तीस दिवसांत पहिलं अपील टाका. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा, तिच्याशिवाय अपील उभंच राहत नाही.