युद्ध चालू असताना मुलांच्या बोर्डिंग शाळेत इंटर-हाउस स्पर्धा व्हायच्या का?

प्रश्नकर्त्याने विचारलंय की लढाईच्या काळात निवासी शाळांमध्ये हाउस-हाउसच्या मॅचेस, कप, ढाली वगैरे चालू असायचं की सगळं गुंडाळून ठेवायचे, आणि बाहेर माणसं मरत असताना असल्या 'अचिव्हमेंट'ला काय अर्थ होता.

चालू असायचं, उलट जरा जास्तच जोरात चालायचं. मी 1971 साली साताऱ्याच्या सैनिक शाळेत आठवीला होतो, तेव्हाचं सांगतो. ही देशातली पहिली सैनिक शाळा, 23 जून 1961 ला सुरू झालेली, म्हणजे तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. पोरांना एनडीएसाठी (म्हणजे फौजी अधिकारी घडवणाऱ्या पुण्याजवळच्या प्रबोधिनीसाठी) तयार करायचं हाच मुळात शाळेचा उद्देश, त्यामुळे युद्ध सुरू झालं म्हणून पीटी बंद करणं कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या एअरफील्डवर हल्ले केले तो 3 डिसेंबर, शुक्रवार. आणि शनिवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे अंधारात फॉल-इन, थंडीने दात वाजतायत आणि उस्ताद (म्हणजे ड्रिल-पीटी घेणारे फौजी) ओरडतायत. एवढाच फरक की सीनियर मुलं आदल्या रात्री रेडिओला चिकटून बसलेली आणि सगळ्यांचे डोळे लाल.

आता हाउस म्हणजे काय ते ज्यांनी बोर्डिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहावीत आलास की तुला एका हाउसमध्ये टाकतात, तिथेच झोपायचं, तिथेच प्रेप (ठरलेल्या वेळचा अभ्यास) करायची, आणि शाळा सोडेपर्यंत सगळे खेळ त्या हाउसकडून खेळायचे. हॉकी, फुटबॉल, बॉक्सिंग, क्रॉस-कंट्री, अ‍ॅथलेटिक्स, अगदी वक्तृत्व आणि खोलीच्या साफसफाईचे सुद्धा पॉइंट, सगळे मिळून वर्षाच्या शेवटी जे हाउस पहिलं ते कॉक हाउस. घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणायची, एवढं पळून मिळतं काय रे शेवटी. मिळायचं काही नाही, नाव लागायचं बोर्डावर.

त्या वर्षी क्रिकेटचं वेड शिगेला होतं, कारण वाडेकरच्या टीमने आधी वेस्ट इंडीजला आणि मग ऑगस्टमध्ये ओव्हलला इंग्लंडला हरवलेलं, गावसकरचे 774 रन तर पोरांना मॅचवार पाठ. पण शाळेत मान हॉकीला. आणि हॉकीत ऑक्टोबरमध्येच घोळ झालेला, बार्सिलोनाला पहिला वर्ल्ड कप आणि सेमीफायनलला पाकिस्तानने आपल्याला 2-1 ने हरवलं, पुढे कपही त्यांनीच नेला. त्यात दीड महिन्यात युद्ध. त्यामुळे डिसेंबरमधल्या हाउस मॅचेसना कसला रंग चढला असेल कल्पना करा. एका मॅचला आमच्या बाजूची पोरं समोरच्या हाउसला "पाकिस्तान, पाकिस्तान" म्हणून चिडवायला लागली. उस्ताद 65 ची लढाई बघून आलेले. त्यांनी शिट्टी मारून मॅच थांबवली, चिडवणाऱ्यांना बाहेर काढलं आणि फक्त एवढंच विचारलं, "दुश्मन देखा है कभी?" मग ग्राउंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फ्रंट रोल. चिडवणारे आठ-दहा होते पण रगडा लागला अख्ख्या हाउसला, त्यात मीही, आणि मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं (खरंच). त्यानंतर तो शब्द ग्राउंडवर परत ऐकू आला नाही.

पण तुम्ही अचिव्हमेंटचं विचारलंय तर मला हॉकीपेक्षा क्रॉस-कंट्री आठवते. तिचे पॉइंट कसे असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिल्या काही नंबरांना वेगळे पॉइंट असतात पण कप त्यांच्यावर ठरत नाही, कप ठरतो एन्क्लोजरवर. म्हणजे शेवटाला दोऱ्या लावलेल्या असतात, ठराविक वेळेत आत आलास तर हाउसला पूर्ण पॉइंट, त्यानंतर पुढच्या दोरीत आलास तर कमी, आणि शेवटची दोरी पडल्यावर आलास तर शून्य. एनडीएतही हीच एन्क्लोजरची पद्धत. आणि हाउसमधल्या प्रत्येकाने पळायचं, आजारी सोडून. म्हणजे तुमच्याकडे एक हरीण असून उपयोग नाही, तुमचा सगळ्यात मागचा गडी कुठे आहे त्यावर सगळं.

आमचा मागचा गडी म्हणजे कोरेगावकडचा एक मुलगा, अंगाने जड, अभ्यासात हुशार, पळायचं नाव काढलं की पोटात दुखायचं. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये हवालदार. तेव्हा साताऱ्याकडच्या बऱ्याच पोरांचे बाप फौजेत, आमच्या डॉर्ममध्येच तीन-चार जण तसे, पण याला नोव्हेंबरपासून पत्र नव्हतं. बटालियन पूर्व आघाडीवर आहे एवढंच माहीत. प्रेपच्या वेळी तो पुस्तक उघडं ठेवून नुसता बसायचा. हाउस कॅप्टन अकरावीचा, म्हणजे तोही पोरच, त्याने काय करावं तर याला रोज पीटीनंतर एक चक्कर जास्त पळवायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं काय हा दुष्टपणा, पण झालं असं की तो इतका दमायचा की रात्री पडल्या पडल्या झोपायचा.

शर्यत लढाईच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. नियम असा की मागच्याला हात लावायचा नाही, ओढायचं नाही, पण बाजूने पळत बोलायला हरकत नाही. तर शेवटच्या टप्प्याला आमचे आधी पोचलेले पाच-सहा जण उलटे मागे गेले आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पळत त्याला ज्या काय शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत, सगळ्या मराठीत, कारण शाळेत इंग्रजी बोलायची सक्ती असली तरी इंग्रजी शिव्यांनी कोणी पळत नाही. समोर अजिंक्यतारा, याचा चेहरा जांभळा, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि दोरी हातात धरून उभे असलेले मास्तर घड्याळाकडे बघतायत. आत आला. कितवा ते विचारू नका, पण दोरी पडायच्या आत आला. तिथेच ओकला, तोंड पुसलं आणि पहिला प्रश्न काय तर दुपारच्या बातम्या झाल्या का.

ती बटालियन नंतर कळलं की जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) होती, 11 डिसेंबरला त्यांनी ते घेतलं. शरण या म्हणून ब्रिगेडियर क्लेरांनी पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलने उत्तर म्हणून पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली होती, तेच जमालपूर. त्याच्या वडिलांचं आंतर्देशीय जानेवारीत आलं. आम्ही सगळे त्याच्या कॉटवर चढून बसलो की आता लढाईचं वर्णन ऐकायला मिळणार, तर आत सहामाहीत गणिताला किती मार्क पडले आणि स्वेटर घालत जा, एवढंच.

पैसे जमवण्यातही हाउस-हाउसची चुरस होती, ते सांगायचं राहिलं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी रविवारचं गोड सोडायचं आणि त्याचे पैसे द्यायचे असं ठरलं, आणि लगेच कोण किती रविवार सोडतंय याची स्पर्धा. आमच्या हाउसने सगळेच रविवार सोडले आणि मेसमध्ये बाकीच्यांची खीर बघत बसलो, हा पराक्रम मात्र कुठल्याच बोर्डावर नाही.

आता अर्थ होता का म्हणाल तर मला ते 'खेळाच्या मैदानावर लढाया जिंकल्या जातात' वगैरे भाषण कधीच पटलं नाही. दर समारंभाच्या भाषणात ऐकून कान किटले. पण शेकडो पोरं, घरापासून लांब, त्यातल्या कित्येकांचे बाप सीमेवर, त्यांना दिवसभर नुसतं रेडिओपाशी बसू दिलं असतं तर काय झालं असतं? टाइमटेबल हलवलं नाही हे मोठ्यांनी मुद्दाम केलेलं होतं असं मला आता वाटतं, तेव्हा फक्त राग यायचा. इंग्लंडमध्येही दुसऱ्या महायुद्धात हेच. माल्व्हर्न कॉलेजची इमारत सरकारने 1939 ला ताब्यात घेतली तर ती अख्खी शाळा उचलून ब्लेनहाइम पॅलेसमध्ये नेली, आणि 1942 ला परत जागा गेली तर हॅरोत जाऊन राहिली, पण शाळा बंद पडली नाही.

आणि मोठी मुलं काय बघत होती तेही लक्षात घ्या. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत मारला गेला, पुण्यात जन्मलेला, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये, वय 21, कमिशन मिळून सहा महिने झालेले. सनावरच्या बोर्डिंगमधला मुलगा, आमच्यासारखाच. आमच्या अकरावीच्या मुलांपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. पेपरात फोटो आला तेव्हा हाउस कॅप्टनने तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, कुणाला काही बोलला नाही.

ढाका पडल्याचं 16 ला संध्याकाळी कळलं. मेसमध्ये थाळ्या वाजवून वाजवून चेपल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळणार म्हणून आम्ही खुशीत, तर कसली सुट्टी, पहाटे शिट्टी वाजलीच. दुपारी हॉकीची फायनल ठरलेली होती तीही झाली, रात्रभर कोणी झोपलेलं नसल्याने दोन्हीकडचे पाय जड, शेवटी 1-1. जादा वेळेतही गोल होईना आणि अंधार पडला, तेव्हा ढाल सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरलं. पहिले सहा महिने कुणाकडे यासाठी टॉस केला, तो आम्ही हरलो.