कार्डावरचं नाव

"आई सत्तरीची आहे, एकटीच राहते. हातात पैसा नाही. रेशन सुरू करू, थाळीची सोय लावू म्हटलं की चिडते. 'मी काय भिकारी आहे का,' म्हणते. काय करू?"

हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि बहुतेक वेळा मुलीच विचारतात. उत्तर म्हणून सोलापुरातल्या एका मावशींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत.

मावशींचं वय ७१. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, हयात बिड्या वळण्यात गेलेली. चक्कर येऊन पडल्या म्हणून शेजारीण त्यांना दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून माझ्याकडे. जेवणाचं विचारलं तर म्हणाल्या, "जेवते की. आता या वयात भूक ती कितीशी लागणार?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर विश्वास ठेवत नाही. म्हातारपणी भूक कमी होते हे खरंच. पण पिठाचा डबा रिकामा असला की ती जरा जास्तच कमी होते. शेजारणीने नंतर हळूच सांगितलं, सकाळी चहा-बटर, दुपारी एक भाकरी, त्यातलीच अर्धी रात्रीला.

मग मी चूक केली. पहिल्याच भेटीत योजनांची यादी वाचून दाखवली. मावशींनी सगळं ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि तीन आठवडे फिरकल्याच नाहीत.

शेवटी मीच घरी गेले. अर्जाचं काहीच काढलं नाही, फक्त कार्ड बघायला मागितलं. त्यांनी ते पत्र्याच्या पेटीतून, साडीच्या घडीतून काढलं. केशरी कार्ड. नावं चार : त्या, मुलगा, सून, नात. मुलगा आठ वर्षांपासून पुण्यात, कंपनीत कामाला. कार्ड त्याच्या कमाईवर निघालेलं, त्यामुळे धान्य मिळत नव्हतं. केशरी कार्ड म्हणजे धान्य मिळणारच, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. शहरात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत (गावात ४४ हजारांच्या) असेल आणि प्राधान्य यादीत नाव असेल, तरच माणशी ५ किलो.

म्हणजे मावशींचं कार्ड वेगळं करायला हवं होतं. तसं म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पोराचं नाव काढलं तर मग माझं म्हणून कोण राहिलं, बाई? कागदावर तरी एकत्र हाय घर."

भीक, लाज, लोक काय म्हणतील, हे सगळं बोलायचं. आतली गोष्ट ही होती.

त्यांच्या परवानगीने मी मुलाला फोन केला. रागावलेलीच होते, खोटं कशाला सांगू. पण तो म्हणाला, "मॅडम, मलाही पुण्यात कार्ड काढायचंय. इथून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. आईला काय वाटेल म्हणून विचारलंच नाही." दोघंही एकमेकांसाठी तो कागद धरून बसले होते आणि त्यावर धान्य कुणालाच मिळत नव्हतं! फोन मावशींच्या हातात दिला आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. पुढच्या सोमवारी मावशी स्वतःच पुरवठा कार्यालयात जायला तयार होऊन आल्या.

नवं कार्ड निघालं, प्राधान्य यादीत नाव लागलं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पण ५ किलो म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम, तेही गहू-तांदूळ. सोलापूरच्या माणसाला ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणून श्रावणबाळ योजनेचाही अर्ज केला : वय ६५ च्या पुढे, वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत, महिना १,५०० रुपये. ज्वारी, डाळ, तेल त्यातून.

अंत्योदयासाठीही, म्हणजे सगळ्यात गरीब घरांसाठीच्या रेशन कार्डासाठीही, अर्ज दिलाय. त्यात धान्य माणशी नाही, कार्डाला ३५ किलो, मग घरात एकच माणूस का असेना. कुणाचाच आधार नसलेल्या साठीपुढच्या एकट्या माणसांचा निकषांत स्पष्ट उल्लेख आहे. अडतं ते इष्टांकावर. तालुक्याला ठरवून दिलेला आकडा भरलेला असला की थांबावं लागतं.

एक अडचण मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. पन्नास वर्षं पानं कातरून, बिड्या वळून बोटं गुळगुळीत झालेली. दुकानातल्या मशीनवर अंगठा उठेना. पहिल्या महिन्यात मावशी पिशवी रिकामीच घेऊन परत आल्या आणि कुणाला बोलल्या नाहीत. ठसा उठत नाही म्हणून पात्र माणसाला परत पाठवू नये, अशा केंद्राच्या सूचना आहेत. दुसरी बोटं लावून बघता येतात, बुबुळाचं स्कॅन किंवा मोबाइलवर ओटीपी, असे पर्याय असतात. तरी नाहीच दिलं तर १९६७ वर तक्रार करता येते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, ओटीपीवर भागलं.

शिवभोजन थाळीचं मी सुचवलं होतं. २६ जानेवारी २०२० पासून ही योजना आहे, १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मावशी एकदा गेल्या आणि "तिथं उभ्यानं जेवायला जमत नाही मला," म्हणून परतल्या. मीही पुन्हा विषय काढला नाही. तुमच्या आईला चालत असेल तर जवळचं केंद्र सुरू आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.

तेव्हा ताई, आईला फोनवर "जेवलीस का" विचारू नका, "हो" च म्हणणार ती. "आज काय केलं होतंस" असं विचारा. पुढच्या खेपेला गेलात की कार्ड मागून घ्या आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते तिच्याजवळ बसून वाचा.

मावशींचा अंत्योदयाचा अर्ज अजून रांगेत आहे. मुलगा दिवाळीला आला, तेव्हा त्यांनी रेशनच्या तांदळातला दोन किलो त्याच्या पिशवीत घातला. मी रागावले, तर म्हणाल्या, "नातीला खीर आवडते."