जुन्या चित्रपटाची नवी ४के स्पेशल एडिशन जाहीर झाली आहे. आत्ताच प्री-ऑर्डर करावी की थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा: आवडत्या जुन्या चित्रपटाची ४के यूएचडी (साध्या ब्लू-रेच्या चौपट पिक्सेलची डिस्क) एडिशन येऊ घातली आहे. सोबत जाड खोका, पुस्तिका, पोस्टर. साधी ब्लू-रे आधीच कपाटात आहे. नवी घ्यावी का, आणि डिस्क हातात येण्याआधी तिच्याबद्दल काही कळू शकतं का?

बरंच कळतं, पण मोठ्या अक्षरांतल्या मजकुरावरून नाही. घोषणेच्या तळाशी बारीक अक्षरांत तांत्रिक माहितीच्या दोन-चार ओळी असतात, त्या आधी वाचा. तिथे शोधायचा शब्द एकच: स्रोत. 'मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवं ४के स्कॅन' असं स्पष्ट लिहिलं असेल तर निम्मी चिंता मिटली. नुसतं 'रीमास्टर्ड' लिहून सोडून दिलं असेल तर त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. वीस वर्षांपूर्वीचं एचडी मास्टर पुन्हा घासूनपुसून दिलं तरी त्याला रीमास्टर्डच म्हणतात.

स्रोताला एवढं महत्त्व का, ते सांगतो. फिल्मवरच्या चित्रपटात कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि त्यावरून थिएटरच्या प्रिंट काढत. प्रत्येक पायरीला बारकावे थोडे गळतात, ग्रेन (फिल्मचा नैसर्गिक बारीक दाणा) जाड होतो आणि कॉन्ट्रास्ट चढतो. म्हणून ३५ मिमी निगेटिव्हचं चांगलं ४के स्कॅन थिएटरातल्या प्रिंटपेक्षाही जास्त दाखवतं, तर प्रिंटवरून केलेलं ४के स्कॅन बऱ्याचदा चांगल्या ब्लू-रेच्या पुढे फारसं जात नाही. काळ्या कोटाच्या घड्या प्रिंटमध्येच बुडालेल्या असतील तर ४के काय नि ८के काय, त्या परत येत नाहीत.

अर्थात प्रत्येक वेळी निगेटिव्ह शिल्लक असतेच असं नाही. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचं उदाहरण बघा. तिच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या 'लिम्माजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेने त्या जळक्या पट्ट्या पुन्हा ओलसर, लवचीक करून स्कॅन केल्या. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून थोडा जास्त भाग त्यातून मिळाला. उरलेलं फाइन ग्रेन मास्टर (निगेटिव्हवरून काढलेली बारीक दाण्याची पॉझिटिव्ह प्रत) आणि ड्यूप निगेटिव्हवरून भरून काढलं, आणि 'अपूर संसार' तर सगळाच तसा करावा लागला. २०१५ मध्ये आलेलं हे रिस्टोरेशन नमुनेदार मानलं जातं. तेव्हा स्रोत मिश्र असणं हा दोष नव्हे. तो मोकळेपणाने सांगितलेला असावा, एवढीच अपेक्षा. मला तर कोणत्या रिळाला काय वापरलं हे सांगणारी कंपनी जास्त भरवशाची वाटते.

दोन ठिकाणी गल्लत होते. पहिली म्हणजे '४के रिस्टोरेशन' असं छापलेली साधी ब्लू-रे. काम ४केमध्ये झालेलं असतं, पण डिस्कवरचं चित्र १०८०पी, म्हणजे फुल एचडी असतं. यात फसवणूक काही नाही. खरेदी करताना लक्षात असलं म्हणजे झालं. दुसरी म्हणजे साधारण २००० ते २०१५ या काळातले चित्रपट. त्यांतले कितीतरी फिल्मवर चित्रित झाले, पण संकलन, रंग आणि इफेक्ट्स २केमध्ये (जवळपास फुल एचडीइतक्याच बारकाव्यात) पूर्ण झाले. त्यांची ४के डिस्क बहुधा त्या २के मास्टरला ताणूनच बनते. रंग आणि एचडीआरचा (उजेड-अंधाराच्या मोठ्या पल्ल्याचा) फायदा मिळतो, बारकाव्यांचा जेमतेम. अशा वेळी तुमची ब्लू-रे चांगली असेल तर घाई करू नका.

एचडीआरबद्दलही जरा थंड डोक्याने घ्या. डिजिटल थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्याची पातळी ४८ निट्स (उजेड मोजायचं एकक) धरतात. जुना चित्रपट १००० निट्सनी डोळे दिपवत नाही अशी तक्रार दिसली तर तो दोष समजू नका. संयमाने केलेलं ग्रेडिंगच अशा चित्रपटाला शोभतं. दिवा, काच, पाण्यावरची तिरीप थोडी वर यावी आणि बाकी चित्र शांत राहावं.

आता स्रोत उत्तम असूनही डिस्क वाया जाते ती कशाने? सगळ्यात आधी ग्रेन पुसल्याने. नॉइज रिडक्शन जास्त झालं की ग्रेनबरोबर त्वचेचा पोतही जातो आणि चेहरे मेणाचे दिसतात. अलीकडे त्यात सॉफ्टवेअरने तपशील 'घडवण्याची' भर पडली आहे. तुलनेचे स्क्रीनशॉट आले की नायकाच्या चेहऱ्याकडे बघू नका, तिथे सगळेच काळजी घेतात. कपाळावरच्या केसांची कड बघा, मागच्या भिंतीचा गिलावा बघा, दूरच्या माणसांचे हात आणि पाट्यांवरची अक्षरं बघा. केस एकमेकांना चिकटून पट्टा झाला असेल, भिंत गुळगुळीत असेल, अक्षरांना अक्षरासारखा पण न वाचता येणारा आकार आला असेल, तर कुणीतरी ढवळाढवळ केली आहे हे नक्की. ग्रेन हा दर फ्रेमला बदलणारा बारीक दाणा. तो हलत नसेल, चेहऱ्यामागे जाळीसारखा गोठून बसला असेल, तर काम बिघडलं आहे.

एक मात्र दोष समजू नका. जुन्या चित्रपटात एक दृश्य विरघळून दुसरं येतं, तिथे चित्र अचानक मऊ आणि दाणेदार होतं आणि कट आला की पुन्हा लख्ख होतं. असे डिझॉल्व्ह आणि श्रेयनामावली ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरून फिल्मवर पुन्हा चित्रण करणाऱ्या यंत्रावर) तयार होत, म्हणजे तेवढा तुकडा एक-दोन पिढ्या खालचाच असतो. नवं स्कॅन ते बदलू शकत नाही. उलट डिझॉल्व्हही बाकीच्या शॉटइतकाच धारदार दिसला, तर तो नव्याने डिजिटली जोडला आहे की नुसता शार्प केला आहे, हे बघायला हवं.

रंगांचा वाद जास्त अवघड. 'दिग्दर्शकाची मंजुरी' ही ओळ चांगली खरी, पण ती शेवटचा शब्द नव्हे. 'द फ्रेंच कनेक्शन'च्या २००९ च्या ब्लू-रेत दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनीच रंग फिके, पसरल्यासारखे केले. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी जाहीर नापसंती दाखवली आणि २०१२ मध्ये दुरुस्त रंगांची नवी डिस्क निघाली. म्हणून छायाचित्रकाराचं किंवा त्याच्या सहायकाचं नाव सोबत असेल तर मी जास्त विश्वास ठेवतो. एचडीआर डिस्कच्या साध्या स्क्रीनशॉटवरून रंगांचा निकाल मात्र लावू नका. एचडीआरचं एसडीआरमध्ये (साध्या पल्ल्याच्या चित्रात) रूपांतर ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने केलेलं असतं, त्यामुळे एकच फ्रेम दोन ठिकाणी दोन रंगांची दिसते.

मग आवृत्त्या. बॉक्सवर तीन कट लिहिलेत म्हणून तिन्ही ४केमध्ये आहेत असं धरू नका. 'ब्लेड रनर'च्या २०१७ च्या संचात ४के डिस्कवर फक्त 'फायनल कट' आहे, बाकीच्या आवृत्त्या सोबतच्या ब्लू-रेवर. त्याहून वाईट उदाहरण 'स्टार वॉर्स'च्या २००६ च्या डीव्हीडीचं. मूळ थिएटर आवृत्ती बोनस डिस्कवर दिली खरी, पण १९९३ च्या लेझरडिस्क मास्टरवरून आणि अ‍ॅनामॉर्फिक (रुंद पडद्यासाठी साठवलेली) नसलेली. रुंद टीव्हीवर चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकलेलं. तेव्हा प्रत्येक कटपुढे रिझोल्यूशन लिहिलं आहे का, ते तपासा.

ऑडिओकडे लोक शेवटी बघतात, मी आधी बघतो. चित्रपट मूळ मोनो (एकाच वाहिनीच्या आवाजाचा) असेल तर यादीत 'मूळ मोनो, लॉसलेस' (काही न गाळता साठवलेला) असायलाच हवं. नुसता नवा ५.१ किंवा अ‍ॅटमॉस (चहूबाजूंच्या आवाजाचा) ट्रॅक असेल तर सावध व्हा: रीमिक्समध्ये गोळीचे, दाराचे, पावलांचे आवाज नव्याने टाकलेले असू शकतात. मोनो दिला, पण तोही दाबलेल्या १९२ केबीपीएस डॉल्बी डिजिटलमध्ये, हा नेहमीचा चिक्कूपणा. खरखर पूर्ण नाहीशी केली असेल तर 'स' आणि 'श' बोथट ऐकू येतात आणि खोलीची हवाच निघून जाते.

पुढचा हिशेब घरी करता येतो. डिस्कची क्षमता जीबीमध्ये घ्या, तिला १३३ ने गुणा आणि चित्रपटाच्या मिनिटांनी भागा. उत्तर म्हणजे मेगाबिट प्रतिसेकंदात सरासरी जागा. ६६ जीबीच्या डिस्कवर १२० मिनिटांना साधारण ७३ येतात, ते उत्तम. तीच डिस्क १८० मिनिटांच्या चित्रपटाला दिली तर ४९. त्यातून लॉसलेस ऑडिओ आणि एक्स्ट्रा वजा करा. मग ग्रेनने भरलेल्या अंधाऱ्या दृश्यांत चौकोनी ठोकळे दिसायला लागले तर नवल नाही. एवढ्या लांब चित्रपटाला १०० जीबीची डिस्क हवी आणि एक्स्ट्रा वेगळ्या डिस्कवर हवेत. १२० मिनिटांचा चित्रपट २५ जीबीच्या साध्या ब्लू-रेवर कोंबला तर एक्स्ट्रा न धरताही वाट्याला २८ च्या आसपासच येतात.

आता प्री-ऑर्डरचं. लिमिटेड एडिशनमध्ये मर्यादित असतात ते खोका, पुस्तिका, कार्डं. डिस्क बहुधा तीच नंतर साध्या वेष्टनात मिळते. पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी असाल तर लिमिटेड घ्या. चित्रच हवं असेल तर परीक्षणं येईपर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही, उलट पहिल्या छपाईच्या चुका तोवर उघड होतात. 'बॅक टु द फ्यूचर'च्या २००२ च्या डीव्हीडी संचात दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची फ्रेमिंग चुकली होती. कंपनीने बदली डिस्क दिल्या, त्यांच्यावर 'व्ही २' ही खूण होती. असा बदली कार्यक्रम बहुधा मुदतीचा असतो आणि खरेदीची पावती मागतात. पावती जपा.

रीजन (डिस्क कोणत्या भूभागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा कोड) बघायला विसरू नका. यूएचडी डिस्कला रीजनचं बंधन जवळपास कधीच नसतं, पण त्याच खोक्यातली ब्लू-रे ए, बी किंवा सी मध्ये अडकलेली असू शकते, आणि एक्स्ट्रा नेमके तिच्यावर असतात. जुन्या पाल (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीवरून येत असाल तर आणखी एक गंमत: तिच्यात २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने धावतो, म्हणजे १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो. नवी डिस्क 'चार मिनिटांनी मोठी' दिसली तर नवं दृश्य शोधत बसू नका.

डिस्क आली की दोष तिला देण्याआधी टीव्ही तपासा. मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन आणि ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद करा, शार्पनेस शून्यावर किंवा त्या टीव्हीच्या तटस्थ आकड्यावर आणा. फिल्ममेकर मोड असेल तर यातलं बहुतेक आपोआप होतं. ज्या एचडीएमआय पोर्टला प्लेअर जोडला आहे त्याची वाढीव सिग्नलची सेटिंग चालू हवी. प्रत्येक टीव्हीत तिचं नाव वेगळं आणि कित्येकदा ती मुळात बंदच असते. मग एचडीआर येतच नाही आणि लोक डिस्कला शिव्या घालतात. प्लेअरमध्ये २४पी (चित्रपटाच्या मूळ २४ फ्रेमची गती) चालू ठेवा आणि सेकंडरी ऑडिओ (मेनूचे वगैरे जादा आवाज मिसळणारी सेटिंग) बंद, नाहीतर लॉसलेस ट्रॅक पुन्हा दाबून बाहेर पडतो. टीव्हीमार्गे अ‍ॅम्प्लिफायरला आवाज नेत असाल तर ईआर्क (एचडीएमआयमधली आवाजाच्या परतीची नवी, रुंद वाट) लागतं, साध्या आर्कला ते ओझं पेलत नाही.

पहिल्या आठवड्यात चित्रपट पूर्ण एकदा चालवा, नुसता मेनू बघून ठेवून देऊ नका. १०० जीबीची डिस्क तीन थरांची असते आणि थर बदलताना मधेच अडकण्याची तक्रार तिच्यातच जास्त. अडकली तर मिनिट लिहून ठेवा. मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. बोटांचे ठसे जात नसतील तर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओलावा द्या. त्यानंतरही त्याच मिनिटाला अडकत असेल आणि दुसऱ्या प्लेअरवरही तेच होत असेल, तर डिस्क परत करा. दुसऱ्यावर नीट चालली तर तुमचा प्लेअर ती नीट वाचत नाही.

आणि जुनी ब्लू-रे लगेच विकून टाकू नका. आधी दोन्हींच्या एक्स्ट्राच्या याद्या शेजारी शेजारी ठेवा. जुनी कॉमेंटरी, माहितीपट, मुलाखती यांचे हक्क बऱ्याचदा वेगळ्या कंपनीकडे असतात आणि नव्या एडिशनमध्ये गुपचूप गळतात. कधी मूळ मोनो ट्रॅकही फक्त जुन्याच डिस्कवर उरलेला असतो.