‘जेनिचर’: जन्म की जन्मपत्रिका?

प्रश्न असा आहे: जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘लॉर्ड ऑफ द जेनिचर’ असं वाचलं. कोशात ‘जेनिचर म्हणजे जन्म’ एवढंच मिळालं. मग ‘जन्माचा स्वामी’ म्हणजे परमेश्वर का?

नाही, देवाला इथे काही काम नाही. हा स्वामी एक ग्रह आहे.

कोश चुकलेला नाही, अर्धवट आहे. ‘जेनिचर’चा मूळ अर्थ जनन, जन्म. पण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ज्योतिष्यांनी तो जन्मवेळेच्या ग्रहस्थितीला, म्हणजे सरळ पत्रिकेलाच लावला. इटलीतल्या कार्दानोने १५४७ साली शंभर कुंडल्यांचा संग्रह छापला, त्याच्या लॅटिन नावातही हाच शब्द आहे. इंग्रज ज्योतिषी विल्यम लिली याच्या १६४७च्या ग्रंथात तुमचा ‘लॉर्ड ऑफ द जेनिचर’ भेटतो. कुंडलीत जो ग्रह सर्वांत बलवान, तो तिचा अधिपती. तेव्हा भाषांतरात घाईने ‘लग्नेश’ लिहू नका. लग्नेश लग्नराशीवरून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीवरून ठरतो, हा बळावरून. दोन्ही एकच निघाले तर तो योगायोग.

मला मौज वाटते ती आपल्याकडच्या ‘जातक’ शब्दाची. जातक म्हणजे जन्मलेला, ज्याची पत्रिका पाहायची तो माणूस. आणि जातक म्हणजे ते शास्त्रही. वराहमिहिराचं ‘बृहज्जातक’ आठवा. जन्मावरून पत्रिकेकडे अर्थ सरकला तो दोन्हीकडे, आणि धातूही मुळात एकच: संस्कृत ‘जन्’, लॅटिन ‘जेन्’. बापाला संस्कृतात ‘जनितृ’, लॅटिनमध्ये ‘जेनिटोर’. इतकी जवळची भावंडं! उलट रोजच्या वापरातला ‘बर्थ’ या घराण्यातला नाहीच. तो ‘वाहणे’ अर्थाच्या क्रियापदाच्या कुळातला, म्हणजे आपल्या ‘भृ’ आणि ‘भार’ यांचा नातलग.

एकटा ‘जेनिचर’ आज जवळपास मेला आहे, पण ‘प्रायमोजेनिचर’च्या शेपटीला धरून तगलाय. शब्दशः पहिला जन्म. कायद्यात थोरल्या अपत्याचा, बहुधा थोरल्या मुलाचा, वारसाहक्क. ब्रिटनच्या गादीपुरता तो मुलगा-मुलगी भेद २८ ऑक्टोबर २०११नंतर जन्मलेल्यांसाठी काढून टाकला आहे, म्हणून राजकन्या शार्लट धाकट्या भावाच्या पुढे उभी आहे.

राहिला वापर. बारशाच्या इंग्रजी निमंत्रणात ‘जेनिचर’ घालायचा मोह झाला तर आवरा. जुन्या इंग्रजीत याचा ‘वीर्य’ असाही एक अर्थ होता, आणि पाहुण्यांपैकी एखादा कोश उघडून बसणारा निघतोच.