रोबोट शिकू की सर्जरी?

डिचोलीच्या एका वडिलांनी लिहिलंय: 'आईच्या गुदाशयाचा कर्करोग झालेला भाग दुर्बिणीतून काढला. पोटावर चार-पाच बारीक छेद, बस्स. तेव्हापासून बारावी सायन्सला असलेली मुलगी म्हणते, मी हेच ऑपरेशन रोबोटने करीन. तिला रोबोटिक्सला घालू की मेडिकलला? थेट कोर्स आहे का? आईच्या पोटावर लावलेली शौचाची पिशवी हल्ली तीच बदलते.'

नमस्कार. थेट कोर्स नाही. रोबोट स्वतःहून काही कापत नाही, कन्सोलवर (नियंत्रणाच्या टेबलापाशी) बसून सर्जनच त्याचे हात हलवतो. यंत्र बनवायचं असेल तर इंजिनीअरिंग, ऑपरेशन करायचं असेल तर मेडिकल. एमबीबीएस साडेपाच वर्षं (आपल्या बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जागा मिळाली तर उत्तमच, त्या कॉलेजची परंपरा १८४२ पासूनची), जनरल सर्जरीचं एमएस ३ वर्षं, वर पोटाच्या किंवा कर्करोगाच्या सर्जरीचं एमसीएच ३ वर्षं. प्रत्येक टप्प्यावर 'नीट' ही प्रवेश परीक्षा आहेच. म्हणजे तिशी उजाडणार, हे आजच धरून चला.

एवढी वर्षं कशाला, ते तिला जरूर सांगा. गुदाशय कटीच्या हाडांच्या अरुंद पोकळीत असतो. समोर मूत्राशय, बायकांत गर्भाशय आणि बाजूने लघवीवर ताबा ठेवणाऱ्या नाजूक नसा. इंग्लंडच्या बेसिंगस्टोकमधले सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवलं की गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण न फाटता अख्खं निघालं, तर रोग तिथेच उलटण्याचा धोका खूप कमी होतो. ते वेष्टण नेमकं कुठून सुटतं ती पातळ फट ओळखणं, हीच खरी विद्या. दुर्बिणीत ती फट मोठी दिसते, पण सरळ हत्यारं छेदापाशी टेकून फिरतात, हात उजवीकडे नेला की आत टोक डावीकडे जातं. रोबोटचं मनगट वळतं, त्यामुळे अरुंद जागेत सोय होते. ती फट मात्र डोळ्यांनीच शोधावी लागते. २०१५ मध्ये आठ देशांतल्या १,०४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३ वर्षांनी रोग तिथेच परतण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या आणि पोट उघडून केलेल्या, दोन्ही ऑपरेशनांत ५ टक्के. छेद लहान असला की दुखणं कमी होतं, माणूस लवकर उठतो. रोग परतणार की नाही, हे आतल्या कामावर ठरतं.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याकडे या अवयवाचं नावसुद्धा घरात कुणी घेत नाही, आणि सतरा वर्षांची मुलगी आजीची पिशवी न किळसता बदलते. मार्कांच्या आधी मी हे धरीन. तिला अडवू नका. बारावीत गणित असेल तर सोडू नये, म्हणजे इंजिनीअरिंगची वाटही खुली राहील.

पुढे आजींची पिशवी काढायची असेल, तर त्या वेळी सर्जनकडे दहा मिनिटं मागून घ्या. प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही बाहेर बसा.