एसयूव्हीमागे कॅराव्हॅन: सोलापूरकर वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

आमची सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे, लॅडर फ्रेमवरची, मागच्या चाकांना ताकद देणारी. आरसीवर रिकामे वजन १,९५० किलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि आई असे पाच जण. एक कॅराव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) पाहिली, रिकामी १,१५० किलो, तिच्या वजनाच्या प्लेटवर कमाल १,५०० किलो. विकणारा म्हणतो, 'तुमची गाडी दोन टनसुद्धा ओढेल.' घ्यावी का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

ओढेल हो. पण ओढण्यापेक्षा आवरण्याचा प्रश्न मोठा आहे. इंडिकेटर न देता समोर दुचाकी वळली की मागचे दीड टन गाडीला ढकलतात. त्या वेळी इंजिनाची ताकद उपयोगाची नाही, तुमच्या गाडीचे वजन आणि ट्रेलरचे ब्रेक उपयोगाचे.

आधी ते १,१५० विसरा. तो आकडा शोरूममधला आहे. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो. घरगुती सिलेंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि लोखंड जवळपास तेवढेच, म्हणजे ३० धरा. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी ५५, छतावरचा एसी ३५. पाच माणसांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, खुर्च्या आणि बाहेरचा मांडव मिळून १२५ च्या खाली येत नाही. बेरीज २८५, म्हणजे निघताना ती १,४३५ किलोची झालेली असेल. म्हणून हिशेब नेहमी प्लेटवरच्या कमाल वजनावर करायचा.

आता तीन चाळण्या लावा. पहिली ८५ टक्क्यांची. नवख्याने ओढगाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅराव्हॅन ओढू नये, असा सल्ला ब्रिटनमध्ये दिला जातो. तो कायदा नाही, पण शहाणपणाचा आहे. १,९५० चे ८५ टक्के म्हणजे साधारण १,६५७. १,५०० किलोची कॅराव्हॅन यात बसते.

दुसरी चाळणी गाडीच्या कंपनीची. ओनर्स मॅन्युअलमध्ये टोइंगचे पान काढा. ब्रेक असलेला ट्रेलर किती, ब्रेक नसलेला किती आणि दोन्ही मिळून एकूण किती, हे तीन आकडे तिथे असायला हवेत. नसतील तर कंपनीकडून लेखी मागवा. परदेशातले आकडे इथे लावू नका. ऑस्ट्रेलियात स्कॉर्पिओ-एनला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी २,५०० किलोची मुभा आहे, पण ती तिथल्या गाडीसाठी. मॅन्युअलमध्ये 'ट्रेलर ओढू नये' असे लिहिले असेल, तर पुढचे काही वाचायची गरज नाही.

तिसरी चाळणी बहुतेक जण विसरतात. कॅराव्हॅनचा जो भार हिचच्या गोळ्यावर (गाडीच्या मागे टो बारवर बसवलेला, कॅराव्हॅन जोडायचा लोखंडी गोळा) येतो, तो तुमच्या गाडीच्या भारात मोजला जातो. हा नाकाचा भार ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, इथे साधारण ९० किलो. पाच माणसे ३२०, सामान ५०, टो बार २५ आणि नाक ९०, असे ४८५ झाले. गाडीचे कमाल आणि रिकामे वजन यांतला फरक ६०० असेल तर ११५ किलो शिल्लक राहतात, तेवढे पुरे.

शिवाय गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर) २.७५ मीटर आणि गोळा अ‍ॅक्सलपासून १.१ मीटर मागे असेल, तर ९० किलोमुळे मागच्या अ‍ॅक्सलवर १२६ किलो चढतात आणि पुढचा अ‍ॅक्सल ३६ किलोने हलका होतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या एसयूव्ही ओल्या चढावर चाके फिरवत बसतात, त्याचे कारण हेच. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, हे तुमच्या पथ्यावर पडले.

आमचे मत: ही नाही म्हणण्यासारखी नाही, पण कॅराव्हॅनच्या कमाल १,५०० मधून भरलेले १,४३५ वजा केले की ६५ किलोच शिल्लक राहतात आणि पहिल्याच दिवाळीत ते संपतील. घ्यायचीच तर ५ किलोचा सिलेंडर आणि लिथियम बॅटरी बसवा, ६० किलोच्या आसपास वाचतील. त्यापेक्षा १,०५० रिकामी आणि १,५०० कमाल अशी एकच अ‍ॅक्सल असलेली मिळाली, तर ती पाहा.

काट्यावर वजन नेमके कसे करायचे?
— एक वाचक, होटगी रोड

ऊस आणि कांदा तोलणाऱ्या जिल्ह्यात काट्याला तोटा नाही. सगळे सामान, पाणी, गॅस आणि माणसे घेऊन जा, गर्दी नसलेली वेळ गाठा. आधी गाडी आणि कॅराव्हॅन जोडलेल्या स्थितीत दोन्ही काट्यावर घ्या, हे एकूण वजन. मग गाडी पुढे काढून फक्त कॅराव्हॅनची चाके काट्यावर ठेवा. शेवटी कॅराव्हॅन सोडून ती एकटी तोला, जॉकी व्हीलसकट (नाकाखालचे छोटे आधाराचे चाक). शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे नाकाचा भार.

पण मोठा काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो, त्यामुळे नाकासाठी तो भरवशाचा नाही. घरी सपाट जागी चाकांना ओट लावा. १५० किलोपर्यंतचा बाथरूमचा वजनकाटा ठेवा, त्यावर फळी आणि फळीवर लाकडाचा ठोकळा उभा करून त्यावर कपलिंग (गोळ्यावर बसणारे कॅराव्हॅनचे तोंड) टेकवा. ठोकळ्याची उंची अशी हवी की कॅराव्हॅन गाडीला जोडल्यावर राहते तशीच समपातळीत राहील. नाक वर किंवा खाली असेल तर आकडा चुकतो.

ताशी ७५ च्या पुढे गेलो की मागची कॅराव्हॅन शेपूट हलवते. पुणे रस्त्यावर ट्रॅव्हल्स बस शेजारून गेली की जास्तच. स्टॅबिलायझर बसवू का?
— एक वाचक, बाळे

आधी सामान काढून बघा. मागच्या कपाटात पाण्याचे कॅन, वर सायकली असा प्रकार असतो आणि बैलगाडी उलार व्हावी तसे नाक हलके होते. जड वस्तू जमिनीलगत आणि अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, मध्यम वस्तू त्यांच्याभोवती, वरच्या कपाटांत फक्त कपडे. मग नाक तोला. टायरमधली हवाही थंड असतानाच तपासा.

हे सगळे ठीक असेल तरच स्टॅबिलायझर, म्हणजे डुलणे आवरणारे कपलिंग. घर्षणाचा स्टॅबिलायझर गोळ्याला पॅडने आवळतो, म्हणून त्या गोळ्यावर ग्रीसचा थेंबही चालत नाही आणि नव्या गोळ्याचा रंग पॉलिश पेपरने काढावा लागतो. उलट साध्या कपलिंगला ग्रीस लागतेच. ग्रीस लावलेल्या गोळ्यावर स्टॅबिलायझर चढवला की पॅड वाया जातात.

डुलणे सुरू झालेच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक नको, आणि 'वेग वाढवला की सरळ होते' हा ढाब्यावरचा सल्ला तर मुळीच नको.

एप्रिल-मे महिन्यात एसीशिवाय झोप अशक्य. बॅटरीवर एसी चालेल का?
— एक वाचक, विजापूर रोड

रात्रभर चालणार नाही. एक टनाचा इन्व्हर्टर एसी उन्हाळ्यात हजार वॉटच्या आसपास खातो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी लवकर बसते. पाऊण तासात खेळ खलास. म्हणून २३० व्होल्टचा १६ अँपिअर पॉइंट जिथे मिळेल तिथेच उन्हाळ्यात मुक्काम करा. एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिमीची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर भाराखाली तापते आणि वितळते. कॅराव्हॅनमध्ये ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवेच.

फ्रिज कॉम्प्रेसरचाच घ्या. गॅसवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज चाळिशीपार गेलेल्या हवेत दूध धड राखत नाही, आणि कॅराव्हॅन तिरकी उभी असली तर आणखी मान टाकतो.

ट्रॉल्या बनवणारा ओळखीचा फॅब्रिकेटर निम्म्या किमतीत कॅराव्हॅन करून देतो म्हणतो.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

ट्रॉली मजबूत करण्याची सवय इथे नडते. १८ मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीट ३५ किलोच्या घरात जाते. बाहेरून एक मिमीचा लोखंडी पत्रा मारला तर चौरस मीटरला जवळपास ८ किलो, अ‍ॅल्युमिनियमचा २.७. भिंती फोमच्या सँडविच पॅनेलच्या आणि फर्निचर हलक्या प्लायचे नसेल तर रिकामी कॅराव्हॅनच १,५०० किलोवर जाईल. अ‍ॅक्सल बॉडीच्या बरोबर मधोमध बसवू देऊ नका, मध्यापेक्षा थोडा मागे हवा.

त्याआधी कागद. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वाहनच आहे. त्याला स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. बनवणाऱ्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालील नमुना मंजुरी नसेल तर फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि २२ (रस्त्यायोग्यतेचा दाखला) मिळत नाहीत, आणि मग एमएच-१३ चा नंबरही नाही. मंजुरीची प्रत हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

ब्रेक दाबला की ट्रेलरचे इंडिकेटरही मिणमिणतात. वायरमनने बल्ब बदलले, फरक नाही.
— एक वाचक, मुरारजी पेठ

बल्बचा दोष नाही, अर्थिंगचा आहे. सात पिनांच्या सॉकेटमध्ये ३ नंबरची पिन पांढऱ्या वायरची, ती अर्थ. ती सैल किंवा गंजलेली असली की ब्रेकलाइटचा करंट परतीची वाट दुसऱ्या बल्बांतून शोधतो. सॉकेटचे मागचे झाकण उघडा, ३ नंबरचा स्क्रू आवळा, हिरवट थर दिसला तर वायरचे टोक कापून नवे सोला. चॅसिसला जिथे अर्थ बोल्ट केला आहे तिथला रंगही खरवडा. बाकी १ पिवळी डावा इंडिकेटर, ४ हिरवी उजवा, ६ लाल ब्रेक, ५ तपकिरी उजवा आणि ७ काळी डावा टेललाइट.

नव्या एसयूव्हीत टेललाइटची वायर सोलून जोड मारू नका. गाडीचा कंट्रोल युनिट त्याला बिघाड समजतो. बायपास रिले लावा, तो ट्रेलरच्या दिव्यांना वेगळी वीज देतो.

तुळजापूरचा घाट उतरताना कॅराव्हॅनच्या चाकांतून जळका वास आला.
— एक वाचक, सात रस्ता

ओव्हररन ब्रेकमध्ये ट्रेलर पुढे ढकलला गेला की कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि केबल ड्रमचे ब्रेक ओढते. उतारावर तुम्ही पाय ब्रेकवर टेकवून ठेवलात तर दांडा सतत आत राहतो आणि ड्रम तापतात. उताराआधीच खालचा गिअर घ्या, वेग वाढला की थोडा वेळ ठाम ब्रेक मारा आणि पूर्ण सोडा. इंजिन ब्रेकिंगनेही दांडा थोडा आत राहतोच, पण ताप कमी होतो. वास येत राहिला तर केबल जास्त आवळलेली आहे किंवा हँडब्रेक पुरता सुटत नाही: चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा, घासते का पाहा.

ब्रेकअवे केबलही तपासा. ती टो बारच्या कडीत अडकवा, नुसती गोळ्याभोवती टाकू नका. हिच निसटला तर हीच केबल हँडब्रेक ओढून कॅराव्हॅन थांबवते, आणि गोळ्यावरून ती सहज सुटते.

मुले मागे झोपून प्रवास करू शकतात का?
— एक वाचक, कुमठा नाका

नाही. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसू नये, तिथे ना बेल्टची आसने असतात, ना आतले सामान जागचे राहते. झोप आली तर पुढच्याच गाडीत, बेल्ट लावून.